आठ अंशांच्या पाण्यात बुडालेली युद्धनौका बघायची असेल तर आधी काय शिकावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावात उद्यमबागेत हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या कामात असलेले एक तरुण कंपनीतर्फे वर्षभरासाठी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला चालले आहेत. मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटावर जाऊन स्कूबा डायव्हिंगचे ओपन वॉटर आणि ॲडव्हान्स्ड असे दोन्ही कोर्स झालेत, गोव्यात ग्रँड आयलंडपाशी सुझीज रेक या बुडालेल्या जहाजावरही उतरून आलेत. तिकडच्या सहकाऱ्यांचा एक गट मे महिन्यात ऑर्कनी बेटांवर, स्कॅपा फ्लोमधल्या जर्मन युद्धनौका बघायला जाणार आहे आणि यांनाही बोलावतोय. पाणी आठ-नऊ अंश असेल असं कळलंय. त्यांचं म्हणणं: "माझा पाच मिलिमीटरचा वेटसूट आहे, आत अजून एक चढवला तर भागेल का? थंडीचं मला काही विशेष नाही, जानेवारीतसुद्धा पहाटे मळ्यातल्या विहिरीत पोहतो. जहाजाच्या आत शिरता येईल का? आणि आठवण म्हणून एखादी वस्तू वर आणू देतात का?"

आधी सरळ उत्तर देतो. जा. पण दोन वेटसूट चढवून नाही, ड्रायसूट, म्हणजे आत पाणी येऊ न देणारा सूट, वापरायला शिकून जा. पहिल्या खेपेला मोठ्या युद्धनौकांच्या नादी न लागता क्रूझर, म्हणजे त्याहून लहान लढाऊ जहाजं, बघा, आणि बाहेरूनच बघा. वस्तूचं शेवटी सांगतो.

मी मूळचा खानापूरकडचा. आधी नेत्राणी आणि मालवणला शिकवत होतो, पुढे स्कॉटलंडमध्ये उन्हाळी हंगामात डाइव्ह बोटीवर काम केलं. आपल्या कोमट समुद्रात शिकलेला माणूस तिकडे नेमका कुठे अडतो, ते त्यामुळे जवळून पाहायला मिळालं. तो अडतो ते थंडी सोसत नाही म्हणून नाही. थंडी त्याच्या हातातलं काम काढून घेते, म्हणून अडतो. तुमचा प्रश्न मला म्हणूनच थोडा फिरवून मांडावासा वाटतो. आठ अंश सोसतील का, हा प्रश्न बाजूला ठेवा. तीस मीटर खाली, अर्ध्या अंधारात, जाड हातमोजे घालून, वीस-पंचवीस मिनिटं गारठल्यावर तुम्हाला एक छोटा हूक काढून दुसरीकडे अडकवता येईल का?

विहिरीचा मुद्दा इथेच निकालात काढू. आपल्याकडं विहिरीचं पाणी बारा महिने साधारण २२ ते २५ अंशांच्या घरात असतं. जानेवारीत पहाटे बाहेर बारा-तेरा अंश असतात तेव्हा त्याच पाण्यावर वाफ दिसते, आत उडी मारली की ऊबच वाटते, बाहेर आल्यावर दातखीळ बसते. हे मळ्यात वाढलेल्या माणसाला मी सांगायला नको. शिवाय विहिरीत तुम्ही हातपाय मारत असता. डाइव्हवर चांगला डायव्हर जवळजवळ हलतच नाही, तरंगत राहतो. पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगानं ओढून नेतं. चाळीस मिनिटं आठ अंशांच्या पाण्यात स्थिर राहणं आणि विहिरीत पंधरा मिनिटं मनसोक्त पोहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

थंड पाणी अंगाला लागल्याबरोबर पहिली गोष्ट श्वासाची होते. एक मोठी उसासल्यासारखी धाप लागते, मग श्वास भराभर चालू होतो. हा शरीराचा प्रतिक्षेप आहे, धाडस असलं तरी होतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात तो सगळ्यात जोरात असतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. म्हणून बोटीवरून उडी मारली की लगेच खाली जायचं नाही. शॉटलाइनच्या बोयाला धरून थांबायचं, तोंड पाण्यात घालून रेग्युलेटरमधून, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडात देणाऱ्या यंत्रातून, शांत श्वास येईपर्यंत वाट बघायची. शॉटलाइन म्हणजे जहाजावर वजन टाकून वर बोया बांधलेला दोर; त्याच दोरानं खाली जायचं आणि जमेल तेव्हा त्याच दोरानं वर यायचं. बडी, म्हणजे डाइव्हचा जोडीदार, पुढे निघाला तरी घाई करू नका, खूण करून त्याला थांबवा. ज्यांचा रक्तदाब जास्त असतो त्यांना थंड पाण्यात फुप्फुसात पाणी साचण्याचा धोका असतो. घरात कुणाला असेल, तुम्हाला स्वतःला कधी गोळी चालू झाली असेल, तर निघण्याआधी डाइव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरला दाखवा.

डोक्याला हूड, म्हणजे डोकं-कान झाकणारी सूटची टोपी, लागेल. आपल्याकडं हूड म्हणजे हौस, तिकडे गरज. एका कानात गार पाणी आधी शिरलं आणि दुसऱ्यात नंतर, तर काही क्षण सगळं गरगर फिरतं. वर कुठलं, खाली कुठलं कळत नाही. हूड नीट बसलेला असेल तर पाणी हळूहळू शिरतं आणि हा प्रकार टळतो.

मग हातांकडे वळू. बोटं गार पडली की आधी बारीक काम जातं, मग पकड जाते, आणि दुखणं थांबलं की माणसाला वाटतं, बरं झालं, सवय झाली. सवय नसते ती, बोटं बधिर झालेली असतात. आम्ही बोटीवर सगळ्यांना एक चाचणी सांगायचो: दर काही मिनिटांनी त्याच हाताच्या करंगळीला अंगठा लावून बघा. लागत नसेल, किंवा लावायला विचार करावा लागत असेल, तर डाइव्ह संपली. सिलिंडरमध्ये हवा किती उरली आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. कारण वर येताना तुम्हाला ड्रायसूटची हवा सोडायची असते, बीसीडीची, म्हणजे तरंगणं सांभाळणाऱ्या फुगत्या जाकिटाची, सोडायची असते, रीलमधून बोया सोडायचा असतो, टॉर्च सांभाळायचा असतो. ही सगळी कामं बोटांचीच आहेत.

आता हवेचा हिशेब. नेत्राणीला निवांत तरंगताना तुम्ही पृष्ठभागाच्या मापानं मिनिटाला वीस लिटर घेत असाल असं धरू. तीस मीटरवर दाब चौपट, म्हणजे मिनिटाला ८० लिटर. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार भरलेले, म्हणजे २,४०० लिटर. कागदावर अर्धा तास झाला. गारठलेला, जड सूट घातलेला, पहिल्यांदा एवढं मोठं जहाज बघून छाती धडधडणारा माणूस सहज तीस लिटर घेतो. म्हणजे खाली १२० लिटर, आणि अर्ध्या तासाचे झाले वीस मिनिटं. त्यातून परतीचा राखीव साठा वजा करा. नवखे डायव्हर वर येऊन म्हणतात, "सिलिंडर कमी भरला होता का?" सिलिंडर बरोबर भरलेला असतो.

याच हिशेबात तुमच्या कामाची गोष्ट येते: रेग्युलेटर गोठणं. तुम्ही व्हॉल्व्हमधले आहात, तुम्हाला हे इतरांपेक्षा लवकर कळेल. रेग्युलेटरची पहिली पायरी म्हणजे प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह. सिलिंडरातले २०० बार ती भोवतालच्या पाण्यापेक्षा साधारण दहा बार जास्त इतक्यावर आणते. गॅस एवढा फैलावला की थंड होतो, धातू शून्याच्या खाली जातो. भोवतालचं पाणी तीस अंशांचं असेल तर ते ही थंडी लगेच भरून काढतं. पाणीच पाच-सहा अंशांचं असेल तर भरून काढायला उष्णता उरत नाही आणि व्हॉल्व्हच्या उघड्या भागातल्या पाण्याचा बर्फ होतो. व्हॉल्व्ह उघडा अडकतो, दोन पायऱ्यांमधला दाब चढतो, आणि दुसरी पायरी, म्हणजे तोंडातला भाग, सूं करून वाहायला लागतो. थांबत नाही. वाहील तितका आणखी गार होतो. तीस मीटरवर पूर्ण सिलिंडर काही मिनिटांत रिकामा होऊ शकतो.

यावर उपाय आहेत. थंड पाण्याचे रेग्युलेटर वेगळे येतात. त्यांचा स्प्रिंगचा भाग बंदिस्त असतो, आत पाणी शिरतच नाही. युरोपीय मानक ईएन २५० मध्ये थंड पाण्याची चाचणी चार अंशांच्या आसपास होते, आणि जे तिथे उतरत नाहीत त्यांच्यावर 'दहा अंशांच्या वर' अशी खूण असते. इकडून स्वतःचा रेग्युलेटर नेणार असाल तर ती खूण बघा. असेल तर इथेच ठेवा, तिकडे भाड्यानं घ्या. आणखी एक गोष्ट: आपल्याकडं बहुतेक ठिकाणी योक पद्धतीचा क्लॅम्प असतो, तिकडे आट्याचा डिन चालतो.

बाकीचा उपाय तुमच्या हातात आहे. बोटीच्या डेकवर रेग्युलेटर तोंडात धरून श्वास घेत बसू नका. तुमच्या श्वासातली वाफ गार धातूवर गोठते. चालतो की नाही ते पाण्यात तोंड घालून बघा. पर्जचं, म्हणजे रेग्युलेटरमधून हवा सोडायचं, बटण दाबून फवारे मारू नका. खाली जाताना बीसीडी आणि ड्रायसूट दोन्हींत एकदम हवा भरू नका. एकात थोडी, थांबा, मग दुसऱ्यात थोडी. लांब दाबण्यापेक्षा छोट्या छोट्या टिचक्या. एकाच वेळी जेवढा जास्त गॅस ओढाल तेवढी पहिली पायरी गार होणार, एवढं लक्षात राहिलं तर बाकी सगळं आपोआप सुचतं.

एक गंमत सांगतो. स्कॅपाच्या खाऱ्या आठ-नऊ अंशांत हे कमी वेळा घडतं. ते जास्त घडतं सरावाच्या गोड्या पाण्यात. ब्रिटनमध्ये शिकवण्याचं बरंच काम पाणी भरलेल्या जुन्या दगडखाणींत चालतं. लेस्टरशरमध्ये स्टोनी कोव्ह, लँकेशरमध्ये केपर्नरे. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथलं पाणी चार-सहा अंशांवर असतं. म्हणजे स्कॅपासाठी सराव करायला जाल तिथेच रेग्युलेटर वाहण्याची शक्यता अधिक. मला विचाराल तर ते चांगलंच आहे. सहा मीटरवर, प्रशिक्षक शेजारी असताना एकदा वाहू दे.

वाहिलाच तर काय करायचं? पर्यायी हवेवर जायचं आणि डाइव्ह संपवायची. तीस मीटरच्या जहाजावर मी एकट्या सिलिंडरवर कुणाला जाऊ देत नाही. शेजारी तीन लिटरचा छोटा सिलिंडर, स्वतःच्या वेगळ्या रेग्युलेटरसह. पुरतो का ते बघू. तीन लिटर गुणिले २०० म्हणजे ६०० लिटर. खाली सावरायला एक मिनिट, १२० लिटर. मिनिटाला नऊ मीटरच्या वेगानं पाच मीटरपर्यंत वर यायला पावणेतीन मिनिटं, साधारण २३०. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायला १३५. उरलेलं अंतर वीस. एकूण ५०० च्या आसपास. पुरतो, पण त्यात जहाजाभोवती अजून एक फेरी बसत नाही. ज्यांना जास्त खोल किंवा जास्त वेळ राहायचं असतं ते पाठीवर दोन सिलिंडरांची जोडी घेतात.

आता सूट. एकावर एक दोन वेटसूट ही कल्पना मला नेहमी ऐकायला मिळते, आणि कागदावर ती पटतेही: पाच अधिक पाच, दहा. निओप्रीनची, म्हणजे वेटसूटच्या फोमसारख्या रबराची, ऊब त्यातल्या बुडबुड्यांत असते. तीस मीटरवर त्या बुडबुड्यांतला गॅस पाव होतो आणि सूट चिप्पाडासारखा चपटा होतो. म्हणजे जिथे ऊब हवी तिथेच ती नसते. शिवाय वर हा दुहेरी सूट इतका तरंगतो की खाली जायला कमरेला शिशाचा ढीग लावावा लागतो, आणि खाली गेल्यावर तरंगणं संपतं, ढीग तसाच राहतो. छातीवर दोन थर आवळलेले, हात खांद्याच्या वर जात नाहीत. वर आल्यावर ओल्या सूटमध्ये ऑर्कनीचा वारा खात दुसऱ्या डाइव्हची वाट बघायची. तिथे दिवसाला दोन डाइव्ह असतात. पहिली कशीबशी निघेल. दुसऱ्या वेळी तुम्ही आधीच गारठलेले असाल.

ड्रायसूटमध्ये पाणी आत येत नाही. गळ्याला आणि मनगटाला लॅटेक्स, सिलिकॉन किंवा निओप्रीनच्या घट्ट कडा असतात, आत उबदार अस्तर घालता, छातीवरच्या व्हॉल्व्हमधून सूटमध्ये हवा भरता आणि डाव्या दंडावरच्या व्हॉल्व्हमधून सोडता. ऊब अस्तराची आणि त्यात अडकलेल्या हवेची. खाली जाताना हवा भरली नाही तर सूट अंगाला चिमटतो, अंगावर वळ उठतात. वर येताना सोडली नाही तर ती फैलावते आणि तुम्हाला बरोबर घेऊन वर निघते. सगळ्यात वाईट म्हणजे पाय वर गेले तर हवा बुटांत जमते, दंडावरचा व्हॉल्व्ह खाली राहतो, आणि माणूस उलटा लटकून वर जातो. यावरची युक्ती, गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारून सरळ होणं, ही वाचून येत नाही. करून, पुन्हा करून येते. म्हणूनच भाड्यानं ड्रायसूट घेऊन थेट स्कॅपात उतरू नका म्हणतो.

आपल्या लोकांची एक खास अडचण दिसते. मनगट बारीक असतात, आणि मूठ आवळली की मनगटाच्या शिरा उभ्या राहतात. शिरा आणि कडेच्या मधल्या फटीतून पाणी बाहीत शिरतं. शॉटलाइन घट्ट पकडून खाली जाणारा माणूस कोपरापर्यंत भिजून वर येतो आणि सूट फाटका होता म्हणून तक्रार करतो. दोर मुठीत आवळू नका, बोटांच्या वर्तुळातून सरकू द्या. लॅटेक्सच्या कडांना घालण्याआधी साधी टाल्कम पावडर लावा. चेन पूर्ण बंद झाली आहे का ते दुसऱ्याकडून तपासून घ्या, आणि शेवटचा एक सेंटिमीटर ओढून बघा.

अजून एक गोष्ट, जी कुणी विचारत नाही. ड्रायसूट घातला की लघवीला जाता येत नाही, म्हणून लोक सकाळपासून पाणीच पीत नाहीत. थंड पाण्यात तर शरीर उलट जास्त लघवी तयार करतं. मग रक्त घट्ट होतं, आणि वर येताना शरीरातला नायट्रोजन बाहेर पडायचं काम अवघड होतं. पाणी प्या. सोय म्हणून सूटला व्हॉल्व्ह असलेले प्रकार मिळतात, नाहीतर प्रौढांचे डायपर. हसू नका, बोटीवरचे निम्मे लोक घालतात.

नायट्रोजनवरून आठवलं. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगांत दिसून आलंय की खाली असताना ऊबदार आणि वर येताना गारठलेला डायव्हर सगळ्यात जास्त धोक्यात असतो, कारण ऊबेत शरीर नायट्रोजन भराभर घेतं आणि गारठ्यात हळू सोडतं. बॅटरीवरची गरम बंडी घालणार असाल तर ती खाली जाताना पूर्ण चालवून वर येताना संपलेली, असं होऊ देऊ नका. वर आल्याबरोबर कडक गरम पाण्याची आंघोळही नको. कोरडे कपडे, टोपी, चहा, तासभर शांत बसणं.

आता जहाजांकडे. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी जर्मनीच्या आरमारातली ७४ जहाजं स्कॅपा फ्लोमध्ये नजरकैदेत होती. ती ब्रिटिशांच्या हाती लागू नयेत म्हणून २१ जून १९१९ रोजी ॲडमिरल लुडविग फॉन रॉयटर यांच्या हुकमावरून जर्मन खलाशांनी स्वतःच ती बुडवायला घेतली, ५२ बुडाली. पुढे अर्नेस्ट कॉक्स नावाच्या भंगार व्यापाऱ्यानं त्यातली बरीच वर काढली. आज डायव्हर बघतात त्या मुख्यतः सात: क्योनिग, क्रोनप्रिन्झ विल्हेल्म आणि मार्कग्राफ या तीन युद्धनौका, आणि क्योल्न, ड्रेस्डेन, कार्ल्सरूह, ब्रुमर या चार क्रूझर.

युद्धनौका उलट्या पडल्या आहेत. वरचं जड बांधकाम आणि तोफांमुळे बुडताना पालथ्या झाल्या. म्हणजे बघण्यासारखं जे आहे, तोफा आणि डेक, ते सगळं खाली तळाशी, चाळीस मीटरच्या आसपास आणि काही ठिकाणी त्याहून खोल. तुमच्या ॲडव्हान्स्डची मर्यादा तीस मीटर आहे. शिवाय त्या खोलीवर नायट्रोजनची नशा चढते, आणि अंधार-गारठा असला की लवकर चढते. म्हणून त्या नको. क्रूझर कुशीवर आडव्या आहेत. कार्ल्सरूहचा तळ पंचवीस मीटरच्या आसपास, बाकीच्यांचा पस्तीसच्या पुढेमागे. वरची कुशी बरीच उथळ, तिथेच तुमचं काम. नायट्रॉक्सचा, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचा, कोर्स आधी करून घ्या. ३२ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण ३३ मीटरपर्यंत चालतं आणि वर येताना नायट्रोजन बाहेर पडण्यासाठी घ्याव्या लागणाऱ्या थांब्यांची चिंता कमी होते.

कुशीवरचं जहाज डोकं चक्रावून टाकतं. डेक ही उभी भिंत असते. दार हे जमिनीतलं भोक असतं. जिने आडवे असतात. नेत्राणीला वीस-पंचवीस मीटर लांबवर खडक दिसतो. स्कॅपात पाच ते पंधरा मीटर दिसलं तर चांगला दिवस, आणि रंग सगळा हिरवट-काळा. दीडशे मीटर लांबीचं जहाज तुम्हाला एका वेळी एका खोलीएवढंच दिसणार. कुठला भाग बघतोय हे कळण्यासाठी डाइव्हच्या आधी बोटीवर जो नकाशा काढून दाखवतात तो नीट बघा. मी तर हातावरच्या पाटीवर उतरवून घ्यायला लावायचो. शॉटलाइन जहाजाच्या कुठल्या भागाला बांधली आहे आणि परत येताना ती तुमच्या कुठल्या हाताला असेल, एवढं तरी तोंडपाठ हवं.

आत शिरण्याबद्दल. भंगारवाल्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरही या जहाजांतल्या तांब्या-पितळेसाठी सुरुंग लावून इंजिनच्या भागांना मोठमोठी भगदाडं पाडली. त्या काळचं पोलाद अणुस्फोटांच्या आधीचं, म्हणून किरणोत्सर्ग मोजायच्या नाजूक यंत्रांसाठी त्यालाही मागणी होती. त्यामुळे आत शिरायला वाटा भरपूर दिसतात, आणि त्या मोहात पाडतात. पण शंभर वर्षांहून जास्त काळ आत गाळ साचलाय. एक फिन चुकीची हलली की समोरचा हात दिसत नाही. तुमचे बुडबुडे छताला लागून गंज खाली पडतो, म्हणजे तुम्ही काहीच केलं नाही तरी पाणी गढूळ होतं. पत्रे खिळखिळे झालेत, दर वर्षी कुठला तरी भाग कोसळतो. आणि आत असताना रेग्युलेटर वाहिला तर सरळ वर येता येत नाही, आधी बाहेर यावं लागतं. आत जाणारे लोक रीलचा दोर सोडत जातात, हवेचा तिसरा हिस्सा जाताना, तिसरा येताना आणि तिसरा राखीव ठेवतात, तीन टॉर्च घेतात आणि यासाठी वेगळं शिकलेले असतात. तुम्ही आधी ड्रायसूटमध्ये एका जागी स्थिर तरंगायला शिका. बाहेरून टॉर्च मारून आत डोकावणं चालेल. डोकं आणि खांदे बाहेर राहतील इतकंच.

जाळी आणि मासेमारीची तंगूस यांच्यासाठी हाताशी कात्री ठेवा. सुरीपेक्षा कात्री बरी, जाड हातमोज्यात तंगूस सुरीनं कापता येत नाही.

एचएमएस रॉयल ओक या ब्रिटिश युद्धनौकेचं नाव तिकडे ऐकाल. १४ ऑक्टोबर १९३९ रोजी जर्मन पाणबुडी यू-४७ नं ती इथेच बुडवली, आठशेहून अधिक खलाशी गेले. ती युद्धसमाधी आहे, तिच्यावर उतरायला बंदी आहे. कुणी "लांबून बघून येऊ" म्हणालं तरी नाही.

मेपर्यंत काय करता येईल? बेळगावात थंड पाणी मिळणार नाही हे उघड आहे. राकसकोप शहराच्या पिण्याच्या पाण्याचं धरण आहे, तिकडे फिरकू नका. हिडकलला पाणी उतरलं की विठ्ठलाचं देऊळ वर येतं, ते पाण्याखाली असताना बघू असं सुचवणारे उत्साही मला भेटलेत. धरणाच्या गढूळ पाण्यात दिसत काही नाही, अडकायला मात्र झाडंझुडपं आणि जाळी असतात. त्यापेक्षा पोहण्याच्या तलावात जा, परवानगी घेऊन, आणि हातात कारखान्यातले जाड रबरी हातमोजे घालून बीसीडीचे बकल, हूक, टॉर्चचं बटण हाताळा. डोळे मिटून. मास्क काढून पुन्हा लावा. एखादा शनिवार-रविवार चोर्ला घाटातून गोव्याला उतरून दोन डाइव्ह फक्त स्थिर तरंगण्यावर आणि बोया सोडण्यावर खर्च करा; मासे पुढच्या वेळी बघा. तिकडे पोचल्यावर ड्रायसूटचा कोर्स, मग पश्चिम किनाऱ्यावर लॉक फाइनसारख्या समुद्राच्या खाडीत उतरून सराव. मगच ऑर्कनी. पहिल्या दिवशी बोटीच्या कॅप्टनला स्पष्ट सांगा की ड्रायसूटमध्ये नवा आहे. लपवू नका. तो तुम्हाला एफ-२ सारख्या उथळ, सतरा-अठरा मीटरच्या जहाजावर आधी उतरवेल, आणि त्यात कमीपणा नाही. बरा सकाळचा वेळ जातो तिथे.

एप्रिलपर्यंत दहा-बारा ड्रायसूट डाइव्ह झाल्या नाहीत तर मे सोडून द्या, ऑगस्ट-सप्टेंबर धरा. तेव्हा पाणी बारा-तेरा अंशांपर्यंत जातं, आणि जहाजं शंभर वर्षांपासून तिथेच आहेत.

वस्तू आणण्याचं. नाही. ही सातही जहाजं २००१ पासून कायद्यानं संरक्षित स्मारकं आहेत. पितळेचा स्क्रू, चिनी मातीचा तुकडा, काहीही उचलणं गुन्हा आहे. फोटो काढा, पण पहिल्या दोन-तीन डाइव्हना कॅमेरा बोटीवर ठेवा. हात मोकळे हवेत.

सूट भाड्यानं घेणार असाल तर उंची, वजन, बुटाचा युरोपीय नंबर आणि मान-मनगटाचा घेर आधी कळवावा लागतो. मनगट शिंप्याच्या टेपनं मोजा, घड्याळाच्या पट्ट्यावरून अंदाज करू नका. आणि बारीक भरलं तर लहान मापाच्या कडा मागून घ्या. त्या सहसा वेगळ्या ठेवलेल्या असतात, मागितल्याशिवाय देत नाहीत.